वाळवंटातले मोजणीदार

उत्तर आफ्रिकेत दुसऱ्या महायुद्धात झालेल्या लढाईवरचे कुठलेही सचित्र पुस्तक उघडा, एक छायाचित्र त्यात हमखास भेटते. जानेवारी १९४३ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या छायाचित्रण पथकातल्या कॅप्टन जेफ्री कीटिंगने ते टिपले. दाढ्या वाढलेले, डोक्याला अरबी फडके गुंडाळलेले जवान जीपमध्ये बसले आहेत. जीपवर जोडीजोडीने मशीनगना रोखलेल्या आहेत, पेट्रोलचे डबे खच्चून भरलेले आहेत आणि शेजारी उंच अंगलटीचा डेव्हिड स्टर्लिंग उभा आहे. १९४१ च्या जुलैमध्ये त्याने ‘स्पेशल एअर सर्व्हिस’ म्हणजे एसएएस हे पथक उभे केले. हे छायाचित्र निघाले आणि थोड्याच दिवसांत तो ट्युनिशियात जर्मनांच्या हाती सापडला.

विशेष दल म्हटले की जगाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते घडवण्यात या एका छायाचित्राचा वाटा फार मोठा आहे. चित्र खरे आहे, माणसेही खरी आहेत. पण ते मोहिमेच्या शेवटच्या तासाचे चित्र आहे. ती जीप तिथवर पोचली कशी, वाट कोणी शोधली, पाणी कुठून आले, शत्रूचे रणगाडे किती आणि कुठे चालले आहेत हे कोणाला ठाऊक होते, हे त्यात दिसत नाही. मला या युद्धात सर्वाधिक मोलाचे वाटते ते काम तर छायाचित्रात मावणारेच नव्हते. दोन माणसे रस्त्याकाठी दिवसभर पालथी पडून येणारे-जाणारे ट्रक मोजत होती. त्यांचे फोटो कोण काढणार?

ती माणसे एसएएसची नव्हती. ती ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या पथकाची होती. त्याला सगळे एलआरडीजी म्हणत. एसएएसच्या वर्षभर आधी ते जन्माला आले आणि त्याच्या मुळाशी होता वाळूचे वेड लागलेला एक अधिकारी.

राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर. १९२० च्या दशकात तो इजिप्तमध्ये नेमणुकीवर होता. सुट्टी मिळाली की मित्रांना घेऊन, स्वखर्चाने, फोर्ड गाड्यांतून तो लिबियाच्या वाळवंटात घुसायचा. हे वाळवंट आकाराने साधारण भारताएवढे. त्यातला ‘ग्रेट सँड सी’ म्हणजे शेकडो किलोमीटर पसरलेल्या वाळूच्या टेकड्यांच्या ओळी. तिथे मोटार चालूच शकत नाही अशी तेव्हाची ठाम समजूत होती. बॅग्नॉल्डने ती खोटी ठरवली. टायरमधली हवा कमी करायची, टेकडीवर वेगाने सरळ चढायचे, रुतलेच तर चाकाखाली लोखंडी पन्हळी सरकवायच्या. या पन्हळी पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या छतासाठी बनवलेल्या होत्या आणि त्याला त्या कैरोच्या भंगारवाल्याकडे सापडल्या. निवृत्त झाल्यावर त्याने लंडनमध्ये वाऱ्याचा बोगदा वापरून वाळूचे कण कसे उडतात, टेकडी कशी सरकते याचा अभ्यास केला. त्यावरचे त्याचे पुस्तक १९४१ मध्ये निघाले आणि शास्त्रज्ञ ते आजही वापरतात. ‘क्युरिऑसिटी’ या यानाने मंगळावर ज्या वालुकाटेकड्या तपासल्या त्यांना बॅग्नॉल्डचेच नाव दिले आहे.

लष्कराला हा माणूस मिळाला तो मात्र योगायोगाने. १९३९ मध्ये युद्ध पेटताच त्याला परत बोलावले आणि पूर्व आफ्रिकेकडे धाडले. वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली. दुरुस्तीसाठी ते पोर्ट सैदला थांबले, तसा बॅग्नॉल्ड आगगाडीने कैरोला जुन्या ओळखीच्यांना भेटायला गेला. तो आल्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली, सरसेनापती वेव्हेलच्या कानावर गेली आणि त्याची बदली इजिप्तमध्येच झाली. १० जून १९४० ला इटलीने युद्ध पुकारले तेव्हा लिबियात इटलीचे दोन लाखांहून अधिक सैन्य होते. इजिप्तमधल्या ब्रिटिश फौजेची संख्या त्याच्या पाव हिस्साही नव्हती. दक्षिणेच्या वाळवंटात शत्रू काय करतो आहे हे कळायला मार्गच नव्हता. बॅग्नॉल्डने आपली योजना पुढे ठेवली. वेव्हेलने ती लगेच उचलून धरली आणि तयारीला सहा आठवडे दिले.

माणसे आली ती मुख्यतः न्यूझीलंडची. त्यांतले बरेच जण शेतकरी होते, लहानपणापासून ट्रक-ट्रॅक्टर हाताळलेले, बिघडलेले यंत्र स्वतः उघडून दुरुस्त करणारे. वाळवंट त्यांनी कधी पाहिले नव्हते, पण हाताला काम करायची सवय होती. गाड्या म्हणजे शेव्हरले कंपनीचे साधे दीड टनी ट्रक. काही कंपनीकडून घेतले, काही इजिप्तच्या सैन्याकडून मागून आणले. दारे आणि टपे काढून टाकली, स्प्रिंगा मजबूत केल्या, मशीनगना बसवल्या.

या ट्रकवरच्या दोन साध्या वस्तूंकडे जवळून पाहायला हवे. पथकाचे सगळे डोके त्यांत दिसते.

पहिली म्हणजे रेडिएटरला जोडलेला पाण्याचा डबा. उन्हात इंजिन तापले की रेडिएटरमधले पाणी उकळून वाफ होते आणि उडून जाते. तिथे थेंब न् थेंब हिशेबाचा. माणशी दिवसाला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी, त्यातच पिणे, चहा, सगळे. बॅग्नॉल्डच्या मंडळींनी रेडिएटरची नळी पायरीवर बसवलेल्या, अर्ध्यापर्यंत पाणी भरलेल्या डब्यात सोडली. वाफ त्या पाण्यात जाऊन थंड व्हायची. इंजिन निवले की रेडिएटरमध्ये पोकळी तयार होऊन डब्यातले पाणी आपोआप परत ओढले जायचे. पाणी वाया जात नसे आणि पुढचा पल्ला गाठता येई.

दुसरी वस्तू म्हणजे सूर्य-होकायंत्र. चुंबकाचे होकायंत्र लोखंडी ट्रकमध्ये नीट चालत नाही. दर वेळी गाडी थांबवून, खाली उतरून, दूर जाऊन दिशा बघायची तर प्रवास कधी संपणार? बॅग्नॉल्डने डॅशबोर्डवर एक गोल तबकडी बसवली. कडेने ३६० अंश आखलेले, मध्ये उभी बारीक सळई. सळईची सावली तबकडीवर पडते. त्या दिवशी, त्या अक्षांशावर, त्या वेळी सूर्य नेमका कुठे असणार याचे कोष्टक जवळ असते. त्याप्रमाणे तबकडी थोड्या थोड्या वेळाने फिरवायची आणि सावली ठरलेल्या खुणेवर राहील असा ट्रक हाकायचा. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की सावली पडेनाशी होते, तेव्हा तुकडी थांबायची. वाटाड्या शेजारी बसून दिशा आणि किलोमीटर वहीत टिपत राहायचा. रात्री इतर जण झोपले की तो थिओडोलाइट उभारून ताऱ्यांचे कोन मोजायचा, वायरलेसवरच्या वेळेच्या ठोक्यांशी घड्याळ जुळवायचा आणि नकाशावर आपण नेमके कुठे आहोत ते ठिपक्याने नोंदवायचा. ज्या नकाशांवर मोठमोठे भाग कोरे होते, तिथेही ही माणसे ठरल्या जागी पोचत आणि परत येत. बंदुकीआधी त्यांनी कोष्टक वाचायला शिकून घेतले होते. त्यांचे यश इथेच आहे, असे माझे मत आहे.

तरीही वाळवंट कोणाची गय करत नसे. शत्रूही अनाडी नव्हता. इटलीची सहारातली मोटार-पथके विमानांच्या साथीने उत्तम लढत. ३१ जानेवारी १९४१ ला जबल शरीफ इथे त्यांनी एलआरडीजीची एक तुकडी गाठून मोडली आणि बॅग्नॉल्डचा जुना सहकारी पॅट क्लेटन याला कैद केले. तिथून निसटलेले चार जण शरण न जाता वाळवंटात चालू लागले. त्यांचा म्होरक्या ट्रूपर मूर याच्या पायात गोळ्याचा तुकडा घुसलेला होता. जवळ अन्न जवळजवळ नाही, पाण्याचा एक डबा. दहा दिवसांत ते सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक चालले. कर्नल लेक्लेर्कच्या फ्रेंच सैन्याला ते सापडले तेव्हा मूर अजून चालतच होता. चौघांपैकी एक जण सुटकेनंतर दगावला.

मार्च १९४२ मध्ये सुरू झाली ती रस्त्यावरची पाळत. लिबियाच्या किनाऱ्याने त्रिपोलीहून पूर्वेकडे जाणारा एकच पक्का रस्ता होता. जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याची रसद मोठ्या प्रमाणावर त्यावरूनच जायची. या रस्त्यावर, आघाडीपासून शेकडो किलोमीटर मागे, मुसोलिनीने १९३७ मध्ये एका प्रचंड कमानीचे उद्घाटन केले होते. ब्रिटिश सैनिक तिला लंडनमधल्या कमानीवरून ‘मार्बल आर्च’ म्हणत. तिच्या आसपासच एलआरडीजीने डोळे रोवले.

पद्धत अशी होती. तुकडी आपले ट्रक रस्त्यापासून काही किलोमीटर आत ओढ्याच्या कोरड्या पात्रात जाळ्या आणि झुडपांखाली दडवी. पहाटेपूर्वी दोघे जण निघत आणि रस्त्यापासून तीनएकशे मीटरवर एखादा खळगा किंवा खुरटे झुडूप गाठून आडवे होत. जवळ दुर्बीण, वही आणि शत्रूच्या गाड्यांची ओळख पटवणारी चित्रे. दिवस उजाडला की मान वर करायची सोय नाही. जे जाईल ते टिपायचे. रणगाडे किती, कुठल्या जातीचे; तोफा किती; ट्रकमध्ये माणसे आहेत की पिंपे; जर्मन की इटालियन; कुठल्या दिशेला. एखादा ताफा जवळच थांबला, कोणी मेंढपाळ त्या बाजूला आला, तर श्वास रोखून पडून राहायचे. अंधार पडला की दोघे सरपटत रस्त्यापासून तीसएक मीटरवर येत. मग आवाज आणि आकार यांवरून मोजणी. चोवीस तास संपले की पुढची जोडी येई. एक तुकडी दहा-बारा दिवस पाळतीवर, दुसरी परतीच्या वाटेवर, तिसरी येण्याच्या वाटेवर, असा क्रम २ मार्चपासून २१ जुलैपर्यंत जवळजवळ अखंड चालला. महत्त्वाचे काही दिसले तर वायरलेसने तातडीने कैरोला कळवायचे, बाकीची वही परतल्यावर द्यायची.

या वह्यांना एवढे मोल का? ब्रिटिशांनी जर्मनांच्या ‘एनिग्मा’ यंत्रावरचे संदेश फोडले होते. पण संदेश म्हणजे कागद. अमुक इतके रणगाडे निघाले असे कागदावर लिहिलेले असते. ते खरोखर पोचले का, किती पोचले, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेले बरे. रस्त्याकाठच्या त्या दोघांची वही आणि फोडलेला संदेश जुळले की कैरोतल्या अधिकाऱ्यांची खात्री पटे. शिवाय आपण संदेश फोडतो हे गुपित राखूनही त्या माहितीवर हालचाल करता येई. या कामात एकही गोळी झाडायची नव्हती. झाडली असती तर सगळेच फसले असते. जो सैनिक लढण्यासाठी स्वतःहून पुढे आला, त्याला दिवसेंदिवस शत्रू समोरून जाताना नुसता मोजत बसायला सांगणे आणि त्याने ते चोख करणे, याहून कठीण शिस्त मला दुसरी दिसत नाही.

एसएएसची गोष्ट यालाच येऊन मिळते. १६ नोव्हेंबर १९४१ च्या रात्री स्टर्लिंगच्या माणसांनी वादळात पॅराशूटने उड्या मारल्या. लक्ष्य होते शत्रूच्या धावपट्ट्या. वाऱ्याने माणसे इतस्ततः फेकली गेली, दारूगोळा सापडला नाही, निम्म्याहून अधिक जण परतलेच नाहीत. जे वाचले त्यांना आणायला ठरलेल्या जागी एलआरडीजीचे ट्रक उभे होते. स्टर्लिंगने धडा घेतला: हे ट्रक आपल्याला परत आणू शकतात, तर पोचवूही शकतात. पुढच्याच महिन्यात त्यांच्या मदतीने एसएएसच्या पॅडी मेनची छोटी टोळी तामेत धावपट्टीवर पोचली आणि तिने एका रात्रीत चोवीस विमाने निकामी केली.

त्यासाठी लागला तो हातात मावणारा एक बॉम्ब. तो तयार केला एसएएसच्या जॉक लुईसने. हा कलकत्त्यात जन्मलेला तरुण अधिकारी. विमान नुसते फुटून चालत नाही, पेटले पाहिजे. म्हणून त्याने प्लास्टिक स्फोटकात थर्माइट आणि तेल मळून गोळे केले. टाकी असलेल्या पंखावर गोळा चिकटवायचा आणि निघून जायचे. सगळ्या विमानांच्या एकाच बाजूच्या पंखावर गोळे लावण्याची काळजी घेतली जाई, म्हणजे शत्रूला दोन मोडक्या विमानांतून एक धड विमान जोडता येऊ नये. त्याच डिसेंबरअखेर परतीच्या वाटेवर विमानहल्ल्यात लुईस मारला गेला.

१९४२ च्या जुलैत सिदी हनेश धावपट्टीवर अठरा जीप चांदण्या रात्री रांगेने घुसल्या आणि त्यांनी तीसहून अधिक विमाने उद्ध्वस्त केली. सचित्र पुस्तकांत या रात्रीला दोन-दोन पाने मिळतात आणि ती मिळायलाही हवीत. पण त्याच पुस्तकांत सप्टेंबर १९४२ ची पानेही नीट वाचावीत. तेव्हा वरिष्ठांना वाटले की छोट्या टोळ्या इतके करतात, तर मोठ्या फौजा किती करतील. जर्मनांच्या ताब्यातल्या तोब्रुक बंदरावर समुद्रातून आणि वाळवंटातून एकदम मोठा छापा घातला गेला. शेकडो माणसे गेली, दोन विनाशिका आणि एक क्रूझर बुडाली. बेंगाझीवर गेलेला एसएएसचा मोठा ताफाही परतवला गेला. त्याच दिवसांत एलआरडीजीच्या जेक ईझनस्मिथने पन्नासहून कमी माणसे घेऊन बार्चे धावपट्टीवर छापा घातला आणि तो यशस्वी झाला. छापा मोठा केला की त्याची बातमी आधी फुटते आणि वाट शोधायला वेळ उरत नाही. विशेष दलाला मोठ्या लढाईच्या हत्यारासारखे वापरण्याची चूक पुढेही अनेक सैन्यांनी केली आहे.

जानेवारी १९४३ मध्ये एलआरडीजीतल्या, न्यूझीलंडच्या निक वाइल्डरच्या तुकडीने दक्षिण ट्युनिशियात डोंगरांतून जाणारी एक खिंड शोधली. मार्चमध्ये ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीने न्यूझीलंड कोअर त्या वाटेने वळसा घालून पाठवली आणि मारेथची तटबंदी जर्मनांना सोडावी लागली. पाच-सहा ट्रकांच्या तुकडीने एका सैन्याला रस्ता दाखवला.

या पुस्तकांत आणखी काही माणसे दिसत नाहीत. पूर्व लिबियातल्या सायरेनायकाच्या अरबांनी जखमी, वाट चुकलेल्या ब्रिटिश सैनिकांना लपवले, खाऊ घातले, तुकड्यांपर्यंत पोचवले. पकडले गेले असते तर फाशी ठरलेली होती. त्यामागे दहा वर्षांपूर्वीची जखम होती. इटलीने तिथल्या सुमारे एक लाख लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडले होते, त्यांत हजारो मेले आणि त्यांचा नेता उमर अल-मुख्तार याला १९३१ मध्ये फासावर चढवले. ज्यांनी हे सोसले त्यांचे घर हेच रणांगण होते आणि युद्ध संपल्यावर जमिनीत पुरलेले सुरुंगही त्यांच्याच वाट्याला आले.

आणि भारतीय. एलआरडीजीच्या धर्तीवर ‘इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन’ उभे राहिले. घोडदळाच्या पलटणींतले जाट, राजपूत, शीख आणि मुसलमान जवान सूर्य-होकायंत्रे घेऊन त्याच वाळवंटात उतरले. मराठे त्यात नव्हते, ते किनाऱ्यावर होते. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेलने तोब्रुकवर निर्णायक हल्ला चढवला तो आग्नेय कोपऱ्यातून. तो कोपरा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनच्या हाती होता. आधी जर्मन स्टुका बॉम्बफेकी विमानांचा मारा, मागोमाग सुरुंगांचे पट्टे मोकळे करणारे सैनिक आणि मग रणगाडे. रणगाड्याला भेदणाऱ्या तोफा अपुऱ्या, मदत वेळेवर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोब्रुक पडले आणि तीस हजारांहून अधिक सैनिक कैदी झाले. त्यांत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची माणसे होती. त्यांतल्या अनेकांनी पुढची वर्षे युरोपातल्या कैद्यांच्या छावण्यांत काढली. सचित्र पुस्तकांत तोब्रुकच्या पाडावाची छायाचित्रे भरपूर असतात, पण त्यांखाली या पलटणीचे नाव क्वचितच येते.

एलआरडीजी ऑगस्ट १९४५ मध्ये बरखास्त झाली. तिचा गुप्तवार्ता अधिकारी बिल केनेडी शॉ याने त्याच वर्षी तिचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला. एसएएसच्या एका जुन्या सैनिकाने युद्धानंतर कागदपत्रे आणि छायाचित्रे एका जाडजूड वहीत चिकटवून ठेवली होती. ती २०११ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. कोणी तरी वेळीच जपले म्हणून ती उरली.

आपल्याकडे हे काम अजून व्हायचे आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अशी घरे आहेत जिथे पणजोबांचा लष्करी पोशाखातला फोटो भिंतीवर आहे, पदके डब्यात आहेत, छावणीतून आलेले एखादे कार्ड ट्रंकेच्या तळाशी आहे. तुमच्या घरी असेल तर आजच तो फोटो उतरवा. मागे पेन्सिलीने नाव, गाव, पलटण आणि साल लिहा, मोबाइलवर स्वच्छ प्रत काढा आणि जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला किंवा जवळच्या इतिहास संशोधन मंडळाला एक प्रत द्या. ज्यांना अजून आठवते त्यांना विचारून घ्या. ते आता फार वयोवृद्ध आहेत.